वजन उतरवताना फळे कशी खावीत : खान्देशातल्या घरांसाठी

वजन कमी करण्यासाठी सल्ला विचारायला येणाऱ्या बहुतेकांनी घरातून निघण्यापूर्वीच फळांविषयी काहीतरी ठरवून टाकलेले असते. काहींनी केळी, आंबा, सीताफळ आणि चिकू कायमचे बंद केलेले असतात, तर काहींनी रात्रीचे जेवण सोडून त्याऐवजी नुसत्या फळांचे ताट सुरू केलेले असते. जळगावात आहारसल्लागार म्हणून काम करताना मला ही दोन्ही टोके नेहमी भेटतात. ज्या मुलखात केळीच्या बागा संपता संपत नाहीत, तिथे केळ्याला घाबरणारी माणसे पाहिली की मला मनापासून वाईट वाटते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी जवळपास प्रत्येकाच्या कागदावर ‘रोज दोन फळे खा’ असे लिहीत असे. लोक प्रामाणिकपणे दोन फळे खात, महिन्याने परत येत, आणि अनेकांचे वजन जागचे हललेले नसे. काहींचे तर थोडे वाढलेले असे. त्यांच्याशी खोलात बोलल्यावर कारण कळले. सकाळचे पोहे तेवढेच होते, दुपारच्या भाकरी तेवढ्याच होत्या, संध्याकाळच्या चहाबरोबरचे फरसाण तसेच चालू होते, आणि या सगळ्यावर दोन मोठी केळी किंवा वाटीभर द्राक्षे वाढली होती. म्हणजे दिवसाला शे-दोनशे उष्मांकांची, अर्थात कॅलरींची, नवी भर पडली होती. चूक त्यांची नव्हती, माझे वाक्य अपुरे होते. फळ कशाच्या जागी खायचे, हे मी लिहिलेच नव्हते.

वजन उतरण्याच्या दृष्टीने फळाचा उपयोग या ‘कशाच्या जागी’वरच अवलंबून आहे. अमेरिकेतील सुमारे १ लाख ३३ हजार स्त्री-पुरुषांच्या आहाराची आणि वजनाची २४ वर्षांपर्यंत नोंद ठेवून केलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोजच्या आहारात फळाचा एक वाटा वाढवणाऱ्यांच्या वजनात चार वर्षांमागे सरासरी पाव किलोच्या आसपास घट दिसली. दिशा योग्य आहे, पण प्रमाण किती लहान आहे ते पाहावे. फळ आहारात आले म्हणून चरबी वितळत नाही. फळाने जेव्हा एखाद्या जड पदार्थाची जागा घेतलेली असते आणि पोट तरीही भरलेले राहते, तेव्हाच वजनात जाणवण्याजोगा फरक पडतो.

हे कसे घडते ते संध्याकाळच्या पाच वाजताच्या उदाहरणावरून पाहू. चहाबरोबर आपण मूठ-दोन मुठी फरसाण किंवा शेव घेतो. त्याचे वजन जेमतेम ५० ग्रॅम असते, पण त्यात २५० ते २८० उष्मांक असतात, आणि तासाभराने पुन्हा भूक लागते. त्याच वेळी २०० ग्रॅम पपई, म्हणजे मोठी वाटी भरून फोडी, घेतल्या तर ८५ ते ९० उष्मांक होतात. वजनाने चौपट अन्न पोटात जाते आणि उष्मांक मात्र तिसऱ्या हिश्शाने. फळात पाणी भरपूर असते, चोथा असतो, आणि ते चावून खावे लागते. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते. ही एक अदलाबदल रोज केली तरी दिवसाचे पावणेदोनशे उष्मांक कमी होतात, आणि त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही.

पहिले चार दिवस फक्त नोंद

म्हणून सुरुवात फळे आणण्यापासून करू नये. आधी एक साधी वही घ्यावी आणि चार दिवस, त्यातला एक रविवार धरून, जे जे तोंडात जाते ते लिहावे. चहातील साखरेचे चमचे, स्वयंपाक करताना चाखलेले, मुलांच्या ताटात उरलेले म्हणून संपवलेले आणि दुकानात बसल्या बसल्या खाल्लेले, हे सगळे त्यात यावे. चार दिवसांनी वही वाचली की दिवसातील दोन जागा आपोआप दिसतात, जिथे आपण भुकेपेक्षा सवयीने खातो. खान्देशातील घरांत त्या बहुधा संध्याकाळचा चहा आणि रात्रीच्या जेवणानंतरचे काहीतरी गोड, अशा असतात. दुकानदारांच्या बाबतीत सकाळी अकराची कचोरी किंवा समोसा असतो. फळ बसवायचे ते याच दोन जागी.

प्रमाण किती असावे, हा पुढचा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे धरलेली आहेत. वजन कमी करणाऱ्या निरोगी माणसाला मी साधारण दोन वाटे सुचवते, आणि एक वाटा म्हणजे साल व बी काढून १०० ते १५० ग्रॅम गर. पपई आणि टरबूज याला अपवाद आहेत. त्यांत पाणी इतके असते की २०० ग्रॅमचा वाटा धरायला हरकत नाही. हे प्रमाण संस्थेच्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट आहे, पण एक वाटा तळलेल्या पदार्थाची आणि दुसरा गोडाची जागा घेणार असल्याने मला ते योग्य वाटते. मात्र भाज्यांची जागा फळांनी घेऊ नये. मेथी, पालक, गिलके, भेंडी आणि कच्चे काकडी-टोमॅटो हे ताटात फळांपेक्षा जास्तच असले पाहिजेत.

केळे : भीती आणि हिशेब

केळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात ते बाजारातून आणायचे फळच नव्हे. ते घरातच असते. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन लागवडींमुळे ते वर्षभर मिळते, २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि तरीही ‘केळे खाल्ले की माणूस सुटतो’ हे वाक्य मी याच पट्ट्यात सर्वांत जास्त ऐकले आहे.

स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एकदा केळे ठेवून पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगते. मी स्वतः घरातले एक मध्यम आकाराचे जी-नाईन जातीचे केळे ठेवले तेव्हा सालीसह ते १७२ ग्रॅम भरले आणि साल काढल्यावर ११४ ग्रॅम. म्हणजे जे हातात मोठे दिसते त्याचा तिसरा हिस्सा सालच असते. १०० ग्रॅम गरात साधारण ९० उष्मांक धरले, तर त्या केळ्यात १०३ उष्मांक झाले. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २१० उष्मांकांची होते. तेव्हा एक मध्यम केळे म्हणजे अर्धी भाकरी, एवढेच लक्षात ठेवावे. अर्ध्या भाकरीला आपण घाबरत नाही. पण मधल्या वेळी दोन केळी, रात्री जेवणानंतर आणखी दोन, आणि ताटातील भाकरी मात्र तेवढ्याच, असे झाले तर आपण दिवसात दोन भाकरी वाढवल्या हेही तितकेच खरे आहे.

बागायतदारांच्या घरात एक वेगळी अडचण असते. बागेतून आणलेला अख्खा घड एकदम पिकतो, आणि चार दिवसांत तो संपवण्याची जबाबदारी घरातील बायकांवर येऊन पडते. वाया कसा घालवायचा, या विचाराने त्या दिवसाला पाच-सहा केळी खातात. यावर उपाय असा की घड आणल्या दिवशीच फण्या सुट्या कराव्यात, दोन फण्या घरात पिकायला ठेवाव्यात आणि उरलेल्या शेजारी, गल्लीत किंवा कामावरच्या माणसांत कच्च्याच वाटून टाकाव्यात. पिकलेले केळे शीतकपाटात ठेवले तर साल काळी पडते, पण आतला गर चार-पाच दिवस चांगला राहतो. साल काढून, चकत्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास त्या महिनाभर टिकतात, आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या जागी पाच-सहा चकत्या सावकाश चघळता येतात.

केळे कमी पिकलेले खावे की ठिपके पडलेले, असे अनेकजण विचारतात. कच्च्या केळ्यातील पिष्ट पिकताना साखरेत बदलते. एकूण उष्मांकांत मात्र फारसा फरक पडत नाही. त्यामुळे वजनाच्या हिशेबात दोन्ही सारखीच. मधुमेह असलेल्यांनी मात्र साल नुकतीच पिवळी झालेले, कडक आणि आकाराने लहान केळे निवडावे.

केळ्याचे वजन वाढवणारे रूप वेगळेच आहे. सावदा, फैजपूर, भुसावळच्या रस्त्यांवर गरम वेफर तळून मिळतात आणि ते केळ्याचेच आहेत म्हणून निर्धास्तपणे खाल्ले जातात. १०० ग्रॅम वेफरमध्ये ५०० हून अधिक उष्मांक असतात. ५० ग्रॅमची पुडी म्हणजे अडीच केळ्यांचे उष्मांक, त्यावर तेल आणि मीठ, आणि पोट भरल्याची जाणीव जवळपास नाही. शिकरणही तसेच. दोन केळी, पेलाभर सायीचे दूध आणि तीन चमचे साखर एकत्र झाली की ती वाटी ४०० च्या पुढे जाते. एक केळे, साय काढलेले अर्धी वाटी दूध, थोडी वेलची आणि साखर अजिबात नाही, अशी शिकरण करून पाहावी. केळे चांगले पिकलेले असेल तर साखरेची आठवणही होत नाही.

रस काढू नये

फळ चावून खावे, पिऊ नये. पेलाभर मोसंबीच्या रसाला तीन-चार फळे लागतात. ती सोलून खायची म्हटली तर दुसऱ्या फळाशीच आपण थांबतो. रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो आणि चोथा चाळणीत राहतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००९ मध्ये एक प्रयोग झाला होता. जेवणाच्या पाव तास आधी सफरचंदाच्या फोडी खाल्लेल्या लोकांनी त्या फोडींचे उष्मांक धरूनही एकूण १५ टक्के कमी खाल्ले, पण तेवढ्याच उष्मांकांचा सफरचंदाचा रस दिला तेव्हा भुकेवर तसा परिणाम दिसला नाही. फळ तेच, उष्मांक तेच, तरी भूक वेगळी वागली.

हेच मिल्कशेकला, कस्टर्ड घातलेल्या फ्रूट सॅलडला आणि डब्यातल्या रसालाही लागू आहे. मनुका, खारीक, सुके अंजीर हे पदार्थ वाईट नाहीत, पण पाणी निघून गेल्याने ते चिमटीत मावतात आणि मुठीने खाल्ले जातात. १०० ग्रॅम ताज्या द्राक्षांत ७० च्या आसपास उष्मांक असतात, तर तेवढ्याच वजनाच्या मनुकांत ३०० च्या आसपास.

आखाजी आणि त्यानंतरचा महिना

चैत्र सरता सरता माझ्याकडे येणाऱ्या बायका एकच प्रश्न थोडा संकोचून विचारतात, की यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस खायचा की नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, गौराई बसलेली असते, झाडाला झोके बांधलेले असतात, चुलीवर उलटे खापर तापलेले असते आणि त्यावर हातभर रुंदीचे मांडे पडत असतात. अशा दिवशी कोणी रसाची वाटी बाजूला सारावी, असे मी कधीही सांगत नाही. एका दिवसाच्या जेवणाने वजन वाढत नाही. वाढते ते आखाजीनंतरच्या दीड महिन्यात, जेव्हा रस हा सणाचा पदार्थ न राहता रोजच्या जेवणाचा भाग होतो आणि दुपारी दोन वाट्या, रात्री एक वाटी, असा रतीब सुरू होतो.

हिशेब करून पाहावा. २०० ग्रॅम रसात आंब्याच्या गराचे सुमारे १२५ उष्मांक असतात. त्यात दोन चमचे साखर घातली की ४० वाढतात, वरून चमचाभर तूप सोडले की आणखी ४५. अशा दोन वाट्या म्हणजे ४२०, आणि सोबतच्या पुरणपोळ्या वेगळ्या. आता तोच आंबा कापून किंवा चोखून खाल्ला तर? मध्यम आकाराच्या केशर आंब्यातून १५० ग्रॅमच्या आसपास गर निघतो, म्हणजे ९० ते १०० उष्मांक. कोय चोखायला वेळ लागतो, हात भरतात, आणि दुसरा आंबा घेण्याआधी माणूस थोडा थांबतो. या थांबण्याचा वजन उतरवताना फार उपयोग होतो.

म्हणून आंब्याच्या दिवसांत मी असा नियम सुचवते की दिवसाला एकच आंबा खावा, तोही फोडी करून किंवा चोखून, आणि त्या दिवशी दुसरे गोड फळ घेऊ नये. रस आठवड्यातून एकदा करावा, साखर न घालता, आणि वाटी लहान घ्यावी. ज्या जेवणात रस आहे त्या जेवणातून एक पोळी किंवा सगळा भात कमी करावा. जे घर एका वेळेला दहा माणसांचा रस काढते, तिथे एकट्या सुनेने वेगळे वागणे अवघड असते हे मी जाणते. अशा वेळी रसात साखर न घालता ती वेगळ्या वाटीत ठेवण्याची पद्धत पाडावी, म्हणजे ज्याला हवी तो घेईल आणि कोणाला काही समजावत बसावे लागणार नाही.

इतर फळे, हंगामाप्रमाणे

वजन उतरवताना खान्देशातील सर्वांत सोयीचे फळ माझ्या मते पपई आहे. शहादा, शिरपूर भागातून ती भरपूर येते, स्वस्त असते आणि १०० ग्रॅमला तिच्यात ४३ च्या आसपासच उष्मांक असतात. सकाळीच साल व बिया काढून फोडी डब्यात भरून ठेवाव्यात. संध्याकाळी चिरलेली पपई समोर असली तर माणूस ती खातो, आणि अख्खी असली तर फरसाणाचा डबा उघडतो. हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की चिरून ठेवणे हाच निम्मा उपाय आहे असे मला वाटते.

पेरू तिच्या खालोखाल. त्यात १०० ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपास चोथा असतो आणि संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. जेवणापूर्वी वीस मिनिटे एक पेरू सालीसह, नीट चावून खाल्ला तर जेवणातील शेवटची अर्धी भाकरी आपोआप राहते. मीठ-तिखट लावण्याची सवय मात्र सोडावी, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी.

मेहरूणची बोरे हिवाळ्यात येतात तेव्हा त्यांना जरूर जागा द्यावी. एकेक बोर तोंडात घोळवून बी काढावी लागते, आणि ताटलीत बियांचा ढीग वाढत गेला की आपण किती खाल्ले ते डोळ्यांना दिसते. वाटीभर बोरे हा एक वाटा. सुकवलेल्या, गूळ घालून केलेल्या बोरांचा हिशेब निराळा.

टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, ही उन्हाळ्याची फळे. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ती मोठा आधार ठरतात. टरबुजात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि १०० ग्रॅमला जेमतेम ३० उष्मांक. पण चोथा नगण्य असल्याने भूक लवकर परत येते. त्याबरोबर मूठभर फुटाणे घ्यावेत.

सीताफळ सातपुड्यातून येते तेव्हा दिवाळीचे दिवस असतात. गराला १०० ग्रॅममागे साधारण १०० उष्मांक असले तरी एका मध्यम फळातून तेवढाच गर निघतो, तेव्हा एक फळ म्हणजे एक वाटा. त्याची बासुंदी किंवा रबडी केली की हिशेब संपला. जांभळे, मोसंबी, संत्री आणि आवळा निर्धास्तपणे खावेत. द्राक्षे आणि चिकू वाटी मोजून खावेत, कारण द्राक्षाचा घोस हातात धरून बसले की तो संपेपर्यंत हात थांबत नाही.

वेळेचे गैरसमज, आणि उपवास

सूर्यास्तानंतर फळ खाऊ नये, जेवणावर फळ खाल्ले तर ते पोटात सडते, फळ फक्त रिकाम्या पोटीच खावे, असे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात. निरोगी माणसाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की तिथे फळ सडत बसत नाही. ते इतर अन्नाबरोबरच पचते. रात्री नऊला खाल्लेल्या पेरूचे उष्मांक सकाळी नऊला खाल्लेल्या पेरूइतकेच असतात. वेळेचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. जेवणाच्या वीस मिनिटे आधी खाल्लेले फळ जेवण कमी करते, आणि भुकेच्या वेळी हाताशी असलेले फळ तळणापासून वाचवते. ज्यांना रात्री जेवल्यावर गोड लागतेच, त्यांनी तेव्हा अर्धे केळे किंवा संत्र्याच्या चार फोडी खाल्ल्या तरी चालते. श्रीखंडाची वाटी किंवा पेढा खाण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

उपवासाच्या दिवशी आपल्याकडे उलटेच घडते. एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार धरले तर महिन्यात चार-सहा उपवास सहज होतात, आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याची वडी आणि वर केळी, असे एरवीपेक्षा जास्त खाल्ले जाते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. दाण्याचे कूट आणि तूप घातलेली एक ताटली सहज ४०० च्या पुढे जाते. उपवास मनापासून करणाऱ्यांनी तो सोडू नये, फक्त ताट बदलावे. सकाळी एक केळे व पेलाभर दूध, दुपारी भगरीचा लहान वाटा, दाण्याची पातळ आमटी व ताक, आणि संध्याकाळी पपई किंवा पेरू, असा उपवास पोटालाही सोसतो आणि वजनालाही.

फक्त फळांवर राहू नये

एका शिक्षिकेने परीक्षांच्या सुटीत दहा दिवस केवळ फळे खाल्ली होती. वजन तीन किलोने उतरले आणि त्यांना फार आनंद झाला. पण पायऱ्या चढताना पाय लटपटू लागले आणि नेहमीचे जेवण सुरू केल्यावर दोन आठवड्यांत वजन जवळपास पूर्ण परत आले. त्या मला म्हणाल्या, “मॅडम, एवढे सोसून काहीच हाती लागले नाही.” खाणे एकदम कमी केले की शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर वापरते, आणि त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी घट ही बरीचशी या पाण्याची असते. शिवाय फळांत प्रथिने अगदी थोडी असतात, त्यामुळे शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते.

फळाला प्रथिनांची जोड म्हणूनच हवी. आपल्या घरांत ती आहेच. ज्वारीबरोबर उडीद दळलेल्या कळण्याची भाकरी, तुरीचे वरण, मुगाची उसळ, ताक, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे, आणि संध्याकाळच्या फळाबरोबर मूठभर फुटाणे किंवा दहा-बारा शेंगदाणे.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करून फळ वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. औषध तेच आणि जेवण कमी झाले की साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. फळ पूर्ण बंद करण्याची मात्र बहुतेक मधुमेहींना गरज नसते. वाटा १०० ग्रॅमचा ठेवावा, एका वेळी एकच फळ घ्यावे आणि दोन तासांनी साखर तपासून स्वतःचे शरीर कसे वागते ते पाहावे.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी हा लेख पुरेसा नाही. केळे, खरबूज, मोसंबी आणि शहाळ्याचे पाणी यांतील पोटॅशियम त्यांच्या शरीरात साठून हृदयाला धोका होऊ शकतो, म्हणून त्यांनी फळांची यादी आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. गर्भवती स्त्रियांनी वजन उतरवण्याचा विचारच पुढे ढकलावा.

मोजमाप

वजन रोज पाहू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी पाहावे आणि त्याच वहीत लिहावे. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरली जाते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल तर गती उत्तम आहे. चार आठवड्यांत काट्याने काहीच दाखवले नाही, तर फळ बंद करण्याची घाई न करता वही पुन्हा उघडावी आणि प्रत्येक फळापुढे ते त्या दिवशी कशाच्या जागी आले ते लिहून पाहावे. जिथे ती जागा रिकामी राहील तिथले फळ एकतर काढावे किंवा त्याच्यासाठी अर्धी भाकरी कमी करावी. सगळ्या जागा भरलेल्या असूनही वजन थांबले असेल, तर मग चहातील साखर, फोडणीतील तेलाची धार आणि रविवारच्या शेवभाजीवरचा तवंग तपासायला घ्यावा.